औरंगाबादेत पृथ्वी कोणत्या हाताला फिरली

औरंगाबादला जाऊन आले म्हटलं की लोक आधी वेरूळचं विचारतात आणि मग हिमरू शालीचं. वेरूळ पाहिलं, शालही घरी आली. आमच्या वाड्यातल्या बायकांनी ती अंगावर घेऊन पाहिली आणि कुठल्या दुकानातून घेतली ते विचारलं. मी म्हटलं, घेतली नाही, सत्कारात मिळाली. पुढचं मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला लागलं की लाज वाटते. लिहिताना निदान समोर कुणी बसलेलं नसतं.

आमचे हे पुण्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यापासून जिथून बोलावणं येईल तिथे ग्रहताऱ्यांवर भाषण द्यायला जातात. त्यातही ग्रह स्वतःभोवती कसे फिरतात हा यांचा हातखंडा विषय. गुरू एवढा अवाढव्य असून आपला अर्धा दिवस संपायच्या आत एक गिरकी पुरी करतो, शुक्राला मात्र एका गिरकीला त्याच्या वर्षाहून जास्त वेळ लागतो, हे ते असं रंगवून सांगतात की मीसुद्धा दरवेळी ऐकते. औरंगाबादच्या एका मुलींच्या शाळेने स्नेहसंमेलनासाठी बोलावलं. मला बोलावणं नव्हतं. पण यांना आकाशातला शुक्र सापडतो, उशाखालचा चष्मा सापडत नाही, म्हणून मी बरोबर गेले.

नगर सोडल्यावर एस.टी.ने एक खड्डा असा घेतला की वरच्या फळीवरचा यांचा भाषणात दाखवायचा पृथ्वीचा गोल पिशवीतून निसटला आणि बाकांखालून घरंगळत थेट ड्रायव्हरजवळ गेला. पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी तो उचलला, मांडीवरच्या नातवाच्या हातात दिला आणि परत द्यायचं नाव काढेनात. "ऱ्हाऊ द्या जरासं, पोरगं गप बसलंय," म्हणाल्या. औरंगाबादला उतरलो तेव्हा प्रशांत महासागर लाळेने चिंब झाला होता. हे रुमालाने पुसत होते आणि मी हसत होते. या प्रवासात मनापासून हसले ती तेवढीच वेळ.

औरंगाबाद

स्टँडवर दादासाहेब स्वतः जीप घेऊन आले होते. ते शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. चिकलठाण्याकडे मोठी शेती, उंच, रापलेला माणूस, बोलणं सावकाश. निजामाच्या राज्यात वाढलेले. वाटेत म्हणाले की त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर, चांगले बाप्ये झाल्यावर, ते लेकीच्या शेजारी बसून मराठी लिहायला शिकले. आपलं राहिलं ते पोरींचं राहू नये म्हणून गावोगाव हिंडून त्यांनी ही शाळा उभी केली. मुली धाडा म्हणून लोकांच्या उंबऱ्यांवर बसून राहिले. मला हा माणूस पहिल्या तासात आवडला आणि अजूनही आवडतो. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे गैरसमज व्हायचा.

त्यांच्या घरी जेवायला ज्वारीची पातळ भाकरी, येसराच्या मसाल्याची झणझणीत आमटी आणि वर कच्च्या तेलाची धार. पुण्यात आपण "चहा घेणार ना?" असं विचारतो आणि पाहुणा नाही म्हणाला तर मनातून सुखावतो. इथे कुणी विचारत नाही. चहा समोर येतो, तोही असा गोड की चमचा उभा राहावा, आणि कप रिकामा दिसला की पुन्हा भरतो. हे दोन दिवसांत गावातल्या प्रत्येक कपाचं कौतुक करू लागले होते. यांना कौतुक करायला आणि करवून घ्यायला फार आवडतं.

दुपारी शाळेच्या मैदानावर तालीम बघायला गेलो. भाषणाआधी मुली सूर्यमाला करून दाखवणार होत्या. ती बसवली होती नसीमबाईंनी. या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका, वय अठ्ठावीस-तीस, डोक्यावरून पदर, हातात शिट्टी. शहरातल्याच कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या. मराठी अगदी इथली, मुलींवर ओरडताना मध्येच दखनी उर्दू.

तालीम फार गोड होती. मधोमध एक मुलगी कंदील घेऊन स्टुलावर उभी, ती सूर्य. बाकीच्या ग्रह होऊन तिच्याभोवती चालत होत्या आणि चालता चालता स्वतःभोवती फिरत होत्या. गुरू झालेली मुलगी अंगाने थोराड होती आणि तिलाच सर्वांत जोरात फिरायचं होतं, त्यामुळे ती दर थोड्या वेळाने खाली बसून डोकं धरत होती. युरेनस आडवा पडून फिरतो, म्हणून युरेनस झालेली सतरंजीवर आडवी पडून गडगडत होती. आणि पृथ्वी होती कमल, चिकलठाण्याच्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या झग्यावर पुढून कापडाचा भारताचा नकाशा शिवला होता, डाव्या मनगटाला 'पूर्व' आणि उजव्या मनगटाला 'पश्चिम' अशा पाट्या बांधल्या होत्या. ती डाव्या हाताकडे वळत फिरे. कंदील तिच्या पूर्वेच्या हाताशी दिसू लागला की ती मोठ्याने म्हणे, "माझ्याकडं उजाडलं." सगळ्या ग्रहांमध्ये शुक्र तेवढा उजवीकडे फिरत होता, तोही अगदी संथ. शुक्र उलटा फिरतो हे अलीकडेच रडारने कळलं आहे आणि ते नसीमबाईंनी घातलं होतं, याचं यांना फार कौतुक वाटलं. तसं यांनी बाईंना तोंडावर सांगितलंही.

नसीमबाईंनी हसत सांगितलं की सुरुवातीला सगळ्याच मुली उजवीकडे फिरायच्या. घरी आरती झाली की माणूस जागच्या जागी उजव्या हाताकडे वळून स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतो, देवळातही देवाला उजव्या हाताला ठेवून चालतो. ती सवय लहानपणापासून पायांत बसलेली. ती मोडायला त्यांनी प्रत्येकीच्या डाव्या हाताला तांबडी फीत बांधली होती.

दादासाहेब मात्र एकसारखे मुलींच्या पायांकडे बघत होते. मुली पांगल्यावर त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"प्रोफेसरसाहेब, पोरी डाव्या अंगानं फिरायल्यात. आपल्यात असं कुणी फिरत नाय. डाव्या अंगानं कोण फिरतं ते मला ठाऊक हाय, माझे निम्मे दोस्त तिकडचेच. हाजी लोक मक्केत तवाफ करताना असेच फिरतात."

त्यांचं स्वतःचं काहीच म्हणणं नव्हतं. पण संमेलनाला खेड्यांवरून आई-बाप येणार होते. रझाकारांच्या दिवसांत ज्यांच्या घरची माणसं गेली असेही त्यांत होते, आणि उर्दू राज्यात वाढलेल्या कुणाच्याही हे ध्यानात येणार होतं. वर बाईंचं नाव नसीम. एकाने जरी म्हटलं की आमच्या पोरींना तवाफ शिकवतात, तर पोरी शाळेतून निघणार, आणि बाईंची नोकरी अजून कच्ची असल्याने पहिल्यांदा त्या जाणार.

"तुम्ही भाषणाच्या आधी येवढंच सांगा, की ग्रह असेच फिरतात," दादासाहेब म्हणाले. "पुण्याचा माणूस हाय, शास्त्राचा हाय, लोक ऐकतील. नाय तर मग पोरींना उजवीकडून फिरवू."

एका वाक्याचं काम होतं. हे वाक्य यांनी तीस-पस्तीस वर्षं वर्गात सांगितलं आहे. यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बघू, विचार करून सांगतो." मैदानात नसीमबाई सतरंजीची घडी घालत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं असावं, कारण घडी घालून झाली तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

वेरूळ

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी वेरूळला नेलं. दौलताबादचा किल्ला वाटेत खालूनच पाहिला, माझ्या गुडघ्यांनी वर जायला नकार दिला. रस्त्याच्या कडेला पेरू विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यातले चार पेरू जीपमध्ये बसून मीठ लावून खाल्ले आणि किल्ला चढल्याचं समाधान मिळवलं.

कैलास लेण्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी काय भर घालणार. मला एवढंच वाटत राहिलं की इथे वरून खाली खोदत आलेल्या माणसांना एकही घाव परत घेता येत नव्हता. यांनी तिथेही दोन कॉलेजच्या पोरांना गाठून खांबांच्या सावल्यांवरून पृथ्वीची गिरकी समजावून दिली. छान समजावली. अनोळखी पोरांना सांगताना यांना काहीच अडचण नव्हती.

मग घृष्णेश्वराला गेलो. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं. हे सदरा काढून थंडीने आक्रसून उभे, आणि दादासाहेब शेजारी वडाच्या खोडासारखे. दर्शन झाल्यावर प्रदक्षिणेला निघालो. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच घालतात. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. मी पुण्यात शंकराच्या देवळात हे शेकडो वेळा केलं असेल आणि कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी दादासाहेब पन्हळीपाशी वळले आणि माझ्या तोंडावर येऊ लागले, तेव्हा मला एकदम दिसलं.

मी म्हटलं, "दादासाहेब, आता देव तुमच्या डाव्या हाताला आहे."

ते थांबले. गाभाऱ्याच्या भिंतीकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. पण ते हळूच म्हणाले, "व्हय की, वहिनी. मला कळतंय. पण मला कळून काय उपयोग? साहेबांनी बोलायला पाहिजे."

देवळाबाहेर चिंचेखाली धपाटे आणि दही घेऊन बसलो. मंडळाचे आणखी दोघे सभासद तिथे येऊन मिळाले. दादासाहेबांनी त्यांच्यासमोरच यांना विचारलं, मग काय ठरवलं? मी धपाट्याचा तुकडा हातात धरून यांच्याकडे बघत होते. देवळातल्या त्या बोलण्याने यांचं काम सोपं झालं आहे असं मला वाटत होतं.

"त्याचं असं आहे," हे म्हणाले, "प्रश्न कुठून बघता याचा आहे. उत्तर ध्रुवाच्या बाजूने बघाल तर डावीकडे, दक्षिण ध्रुवाच्या बाजूने बघाल तर उजवीकडे. दोन्ही शास्त्राला धरूनच आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. काचेच्या घड्याळाकडे मागून पाहिलं तर काटे उलटे फिरताना दिसतातच. पण म्हणून कुणी ते भिंतीवर पाठमोरं लावत नाही. दादासाहेबांनी यांच्याकडे जरा वेळ बघितलं. त्यांना दुसरं काहीतरी हवं होतं हे माझ्यासारखीला कळत होतं.

"म्हंजे उजवीकडून फिरवलं तर चालतंय," ते म्हणाले.

"चालेल की," हे म्हणाले आणि दह्याची तारीफ केली. सभासदांना बरं वाटलं. पुण्याची माणसं किती समजूतदार असतात असं त्यांतल्या एकाने बोलूनही दाखवलं. मी हातातला तुकडा परत पानावर ठेवला.

परतल्यावर खोलीत मी यांना विचारलं की असं का केलंत. आपण पाहुणे आहोत, म्हणाले. गावचं गावाला ठाऊक, उद्या काही झालं तर आपण पुण्याला असू, उलट यात त्या बाईंचंच भलं आहे. मी वाद घातला नाही. तेही बरोबर असेल असं मी मनाला समजावलं, कारण मलाही संध्याकाळ शांततेत घालवायची होती. खरं कारण मला माहीत होतं. नापसंतीचा एक चेहराही समोर आलेला यांना सोसत नाही. संसारात हा गुण फार सोयीचा असतो, म्हणून मी त्याला कधी नाव ठेवलं नव्हतं.

संमेलन

सकाळी नसीमबाई आम्ही उतरलो होतो तिथे आल्या. दादासाहेबांचा निरोप त्यांना मिळाला होता. तक्रार एका शब्दाने केली नाही. त्यांना फक्त पाट्यांचं विचारायचं होतं. पृथ्वी उजवीकडे फिरवली तर कंदील आधी पश्चिमेच्या हाताशी येणार. आणि पाट्या बदलाव्यात तर झग्यावरचा नकाशा आड येतो.

"मुंबई पूर्वेला जाईल, सर," त्या म्हणाल्या. "मुलींचे आई-बाप बघतील ना. काय करू?"

हे दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "राहू द्या हो तसंच. एवढं कोण बघतंय?"

त्या "जी" म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी चहा विचारला. हो, विचारला, पुणेरी पद्धतीने, आणि त्या नको म्हणाल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टॉवेलची घडी घालत बसले.

संध्याकाळी मैदान भरलं. बैलगाड्यांतून, एस.टी.तून माणसं आली होती. बायका एका बाजूला, मी त्यांच्यात पुढे. यांचा सत्कार झाला, खांद्यावर शाल पडली. मग मुली आल्या. फिती आता उजव्या हाताला होत्या. एका दिवसात पाय उलटे वळवायचे, त्यामुळे सगळ्या ओठ घट्ट मिटून मोजत फिरत होत्या, तालमीतली मजा चेहऱ्यांवर नव्हती.

कमल फिरू लागली. कंदील तिच्या 'पश्चिम' लिहिलेल्या हाताशी आला आणि ती पाठ केलेलं म्हणाली, "माझ्याकडं उजाडलं."

शेतकऱ्यांच्या गर्दीत पूर्व-पश्चिम न कळणारं एकही माणूस नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यांचा सूर्य मावळतीकडून उगवतुया." आणि हशा पिकला. वाईट हसणं नव्हतं ते, घरच्या पोरांना हसावं तसंच होतं. पण कमल थबकली. तिने आपल्या हातांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि तिला जे बरोबर ठाऊक होतं तेच तिने केलं: ती डावीकडे फिरू लागली आणि सूर्य डाव्या हाताला ठेवून उलटी चालू लागली. मागून मंगळ येत होता, तो तिच्यावर आपटला. त्यांना चुकवताना गुरू सतरंजीवरच्या युरेनसला अडखळून पडला. हशा वाढत गेला. नसीमबाईंनी शिट्टी वाजवली आणि मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या.

दादासाहेब माईकपाशी गेले. "बाई नवीन हायत, तयारी जरा कमी पडली. सांभाळून घ्या," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर आमच्या यांनीही वाजवल्या. मी यांच्याकडे इतकी टक लावून बघत होते की शेजारच्या बाईने मला बरं वाटतंय ना असं विचारलं. अजून वेळ होती. भाषण यांचंच होतं.

भाषण उत्तम झालं. गुरू आला, शुक्र आला, आडवा पडलेला युरेनस आला, त्यावर लोक खुशीत हसले. पृथ्वीच्या गिरकीमुळे दिवस-रात्र होतात हेही आलं. ती गिरकी कोणत्या हाताला, ते आलं नाही. मंडपाच्या कडेला नसीमबाई मुलींना घेऊन खाली बसल्या होत्या. कमल त्यांना काहीतरी विचारत होती. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"मी चुकले का वं, बाई?"

त्यांनी तिच्या मनगटाची पाटी सोडवली आणि उत्तर दिलं नाही. दादासाहेब दोन पावलांवर होते. खरं उत्तर दिलं असतं तर प्रोफेसर खोटे पडले असते, आणि मुलीला चुकलीस म्हणणं त्यांच्या जिभेवर आलं नसावं. मी उठून तिथे जाऊ शकले असते. बायका काय म्हणतील, हे काय म्हणतील, असा विचार करत बसले, आणि तेवढ्यात वंदे मातरम् सुरू झालं म्हणून सगळ्यांबरोबर उभी राहिले.

स्टँड

निघायच्या दिवशी नसीमबाई स्टँडवर आल्या. त्यांनी यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "माफ करा सर. माझ्यामुळं तुमच्या कार्यक्रमाचा विचका झाला."

हे म्हणाले, "असू द्या, असू द्या. होतं असं कधी कधी."

यांनी ती माफी स्वीकारली. मी तिथे उभी होते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, यांच्यावर मी चिडले आहे, रुसले आहे, पण यांच्या शेजारी उभं राहायची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. नसीमबाईंना आणखी एक बोलायचं होतं. माझं राहू द्या, म्हणाल्या. पण दादासाहेबांना एकदा सांगाल का, की मुली चुकल्या नाहीत म्हणून? कमल कालपासून शाळेत यायचं नाही म्हणतेय, सगळे तिला मावळतीचा सूर्य म्हणून चिडवतात. तुम्ही सांगितलंत तर दादासाहेब स्वतः तिच्या घरी जातील.

"हो हो, सांगतो ना," हे म्हणाले.

दादासाहेब आलेच थोड्या वेळात, आमच्यासाठी पेरूंची करंडी घेऊन. नसीमबाई चार पावलं मागे सरून खांबाशी उभ्या राहिल्या. यांनी करंडीचं कौतुक केलं. पाऊसपाण्याची चौकशी केली. पुण्याला आलात तर आमच्याकडेच उतरायचं, असं दोनदा बजावलं. दादासाहेब मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही लिहिता म्हणं. आमच्या गावाचं लिहिलंत तर शाळेला धाडा, मी सगळ्यांना वाचून दाखवीन." कंडक्टरने घंटी मारली. गाडीत बसल्यावर यांनी खिडकीतून हात हलवला. मी खांबाकडे पाहिलं. नसीमबाई अजून यांच्याकडे बघत होत्या, गाडी हलली तरी, जणू यांना खिडकीतूनही ते बोलता आलं असतं. आलंच असतं. मलाही आलं असतं.

वाटेत हे म्हणाले की घरी गेल्यावर सवडीने कळवीन. त्याला आता बरेच दिवस झाले. सवड भरपूर आहे. मी हे लिहितेय हे यांना ठाऊक आहे. काल वाचून म्हणाले, एवढा शेवटचा भाग गाळ, वेरूळचा भाग छान झालाय.

दादासाहेब, हे ज्यात छापून येईल तो अंक शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. सगळ्यांना वाचून दाखवीन म्हणाला होतात, तर इथून पुढचं जरा मोठ्याने वाचा. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. पूर्व ज्या मुलीच्या डाव्या हाताला बांधली होती तिने डावीकडेच फिरायला हवं होतं. नसीमबाईंनी मुलींना बरोबर शिकवलं होतं आणि आमच्या घरातल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कमल चुकली नाही. एवढं वाचून झालं की चिकलठाण्याला जा आणि तिला घेऊन या.